पाळण्यातला राउटर

काशीहून परत आलेल्या माणसाला प्रवास कसा झाला असं कुणी विचारत नाही. "काय सोडून आलात?" असं विचारतात. काशीला गेलं की एखादा आवडता पदार्थ कायमचा सोडायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. आमच्या साताऱ्यात लोक ती मोठ्या हुशारीनं पाळतात. शेजारच्या काकू पडवळ सोडून आल्या, आणि त्यांनी पडवळाला जन्मात हात लावला नव्हता. त्यांच्या यजमानांनी तंबाखू सोडली आणि परतीच्या गाडीत पुन्हा धरली.

मीही नुकतीच काशीला जाऊन आले. सोडूनही आले. पण काय सोडलं ते सांगायचं तर आधी एका राउटरची आणि माझ्या विहीणबाईंची हकिकत सांगायला हवी.

मी तंत्रनिकेतनात संगणक शिकवते. विहीणबाई, म्हणजे माझ्या मुक्ताच्या सासूबाई शैलाताई, पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या. लग्नाच्या याद्या करताना आम्हाला शोध लागला की दोघींनाही प्रोग्रामिंगची कोडी सोडवायचा नाद आहे. दोन-दोन जणांच्या टीमची आणि वयाची अट नसलेली एक स्पर्धा निघाली, तेव्हा आम्ही 'व्याही मंडळ' या नावानं अर्ज भरला. पहिली फेरी घरबसल्या होती. ती पार पडली, कारण मध्ये जावईबापू बसले होते. त्यांच्या आईची चूक ते आईला सांगायचे, आणि माझी चूक मुक्ताकरवी मला कळायची. कुणाचा मान दुखावला नाही आणि प्रोग्रामही चालला.

अंतिम फेरी वाराणसीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात निघाली. जावईबापूंना रजा मिळाली नाही.

भोसले घाटाच्या मागची गल्ली

उतरायची सोय शैलाताईंच्या मावसभावाकडे, आबांकडे होती. आबा पिढीजात काशीकर. नागपूरकर भोसल्यांनी घाट बांधला तेव्हापासून आपलं घराणं इथे पूजा सांगतंय, असं ते सांगतात. गल्ली इतकी अरुंद की समोरून बैल आला तर आपण कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं आणि बैल गेल्यावर ओटेवाल्याचा चहा पिऊनच उतरायचं. मी पहिल्याच दिवशी असे दोन चहा घेतले. साताऱ्यात बैलाला हाकलतात, इथे त्याला वाट देतात, एवढाच फरक.

"या, या. प्रवासात काही दिक्कत नाही ना झाली?" आबा दारात उभे होते. "आधी जलपान करा, मग सुमेधाला भेटायला वरती जा. ती खाली येऊ शकत नाही."

सुमेधा ही आबांची मुलगी, बँकेत नोकरीला. दोन आठवड्यांपूर्वी ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून पडली आणि पाय मोडला. तिचा पलंग तिसऱ्या मजल्यावर, म्हणून गल्लीतल्या चौघांनी तिला उचलून वर नेलं. जिना शिडीसारखा उभा. चढवताना चौघांतल्या एकाची कंबर धरली, तेव्हापासून उतरवायला चौघंही तयार नाहीत. डॉक्टर स्वतः चढून येतात आणि वर पोचल्यावर आधी पेशंटचंच पाणी पितात.

"पायाचं काही नाही हो काकू," सुमेधा मला म्हणाली, "तो ठीक होऊन जाईल. परवा बारसं आहे ना, त्याचं टेन्शन आहे."

तिचा भाऊ टोरांटोला असतो. त्याला मुलगी झाली होती. बारशाला बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचा मान आत्याचा, आणि या बाळाला आत्या एकच. भावानं आणि वहिनीनं नाव ठरवायचंही तिच्यावरच सोपवलं होतं. सुमेधानं ते ठरवलं होतं आणि कुणालाही, आबांनासुद्धा, सांगितलं नव्हतं. परवा संध्याकाळी, म्हणजे तिकडे सकाळी, व्हिडिओ कॉलवर फोन बाळाच्या कानाला लावायचा आणि हिनं इकडून कुर्र करायचं, असा बेत.

बेतात एकच अडचण होती. तिसऱ्या मजल्यावर नेट येत नव्हतं. मोबाइलला गल्लीतल्या दगडी भिंतींमधून सिग्नल मिळत नव्हता आणि घरातला वायफाय पहिल्या मजल्यापर्यंत पोचून दम टाकत होता. आदल्या दिवशी सुमेधानं प्रयोग म्हणून कॉल लावला, तर बाळाच्या चेहऱ्याचे चौकोन झाले आणि तसेच राहिले. "त्या चौकोनांच्या कानात नाव सांगू का?" असं म्हणून ती हसली, पण डोळे भरून आले होते. लग्न न केलेली, वडिलांजवळ राहिलेली ही मुलगी. तिला या बारशाचं किती अप्रूप होतं ते दिसत होतं.

राउटर होता तळमजल्यावर देवघरात. बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा यांच्या मधोमध, चौरंगावर, डोक्यावर झेंडूचं फूल आणि पुढे हळदकुंकू. खंडेनवमीला आपण घरातली अवजारं पूजतो, तसा आबांनी या वर्षी राउटर पूजेत मांडला होता. वर्षानुवर्षांच्या सवयीनं त्यांच्या तोंडून प्रतिष्ठेचे मंत्र निघून गेले. मंत्र म्हणून झाल्यावर लक्षात आलं की आता हा स्थापन केलेला राउटर आहे, याला जागेवरून हलवता येणार नाही. तेव्हापासून त्याला रोज नैवेद्य दाखवला जातो.

"बाबांना काही बोलू नका," सुमेधानं आम्हाला बजावलं. "त्यांचं दिल दुखेल."

तिच्याकडे सिग्नल पुढे ढकलणारी एक डबी होती, बँकेतल्या मैत्रिणीनं दिलेली. ती कुठे लावायची? शैलाताई म्हणाल्या, "गच्चीवर लावू. गच्ची उंच आहे, वरून सगळीकडे जाईल."

घराच्या मधोमध तळापासून गच्चीपर्यंत मोकळा चौक होता. प्रत्येक मजल्यावर त्याच्या भोवती कठडा, आणि सगळ्यात वर सामान खेचायची कप्पी. मला वाटत होतं की डबी चौकात लावावी, तिथे एकही भिंत आड येत नाही. पण शैलाताई मुलाची आई आणि मी मुलीची. मी म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं."

डबी गच्चीवर लावली. आम्ही जिना उतरून सुमेधाच्या खोलीत येतो तोच वर धपकन आवाज आला. काशीतली माकडं कुणाला विचारून येत नाहीत. एक थोराड माकड डबी घेऊन समोरच्या भिंतीवर बसलं होतं आणि तिच्या अँटेनाची एक कांडी चावून बघत होतं. आम्ही केळं दाखवलं. त्यानं केळं घेतलं आणि डबीही ठेवली.

"तुमचा विचार चांगलाच होता हो," मी म्हणाले.

"छे, छे, मी तुम्हाला विचारायला हवं होतं," शैलाताई म्हणाल्या.

आणि सुमेधाकडची एकुलती एक डबी गेली.

पालकांनी तिकडे बसावं

दुसऱ्या दिवशी सकाळी कचोडी-जिलबी खाऊन आम्ही ई-रिक्षानं कॉलेजवर गेलो. इथे जिलबी सकाळी खातात, तीही कचोडीच्या बरोबरीनं. आमच्याकडे सकाळी जिलबी आणली तर घरात कुणाचं तरी लग्न ठरलंय असं समजतात. फाटकावरच्या स्वयंसेवकानं आम्हाला अदबीनं थांबवलं.

"आंटी जी, पॅरेंट्स का वेटिंग एरिया उधर है."

शैलाताईंनी गळ्यातलं ओळखपत्र दाखवलं. त्यानं ते वाचलं, आम्हा दोघींकडे पाहिलं, पुन्हा वाचलं आणि आम्हाला पाण्याच्या दोन जादा बाटल्या दिल्या.

प्रश्नपत्रिका उघडली आणि मी शैलाताईंकडे पाहिलं. कोडं होतं राउटरचंच. एका इमारतीचा नकाशा चौकोनांत दिलेला. काही चौकोन भिंतीचे, काही खोल्यांचे, काही नुसतेच रिकामे, म्हणजे चौक किंवा हवेसाठी सोडलेली जागा. ठरावीक राउटर आणि ठरावीक वायर यांत जास्तीत जास्त खोल्यांना सिग्नल पोचवायचा. सिग्नल भिंतीतून जात नाही; राउटर आणि खोली ही दोन टोकं धरून जो चौकोन होतो, त्यात कुठेही भिंत आली तर ती खोली अंधारात. ज्याच्या जास्त खोल्या उजळतील त्याला जास्त गुण.

आम्ही काम वाटून घेतलं. राउटर कुठे ठेवायचा ते शैलाताईंनी लिहायचं, सिग्नल कुठवर जातो ते मी मोजायचं. तासाभरानं मी त्यांचा भाग वाचला. त्यांनी रिकामे चौकोन यादीतूनच काढून टाकले होते. तिथे कुणी राहत नाही, मग तिथे राउटर कशाला, असा त्यांचा गृहिणीचा हिशेब. पण नियमात स्पष्ट लिहिलं होतं की राउटर भिंत सोडून कुठेही चालेल. रिकाम्या चौकात ठेवला तर तो चारी बाजूंच्या खोल्या उजळवतो. हे मला दिसत होतं. मी तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, "किती नेटकं लिहिलंय हो."

मग त्यांनी माझा भाग वाचला. बराच वेळ वाचला. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं, भुवई वर गेली. मग त्या गोड हसल्या. "सुरेख. तुमची शिकवायची सवय दिसते यात."

पहिल्या डावाच्या निकालाचा फलक लागला. व्याही मंडळ शेवटून दुसरं होतं. शेवटची टीम आलीच नव्हती.

 घरी आबांनी विचारलं, "कसं झालं?" आम्ही एका सुरात म्हणालो, "छान." वर सुमेधानं विचारलं, "नेटचं काही सुचलं का?" त्यावर मात्र दोघींनाही छान म्हणता आलं नाही.

शिंदे घाटावर मलइयो

तिसऱ्या दिवशी त्याच कोड्याचा अंतिम डाव होता आणि संध्याकाळी बारसं. सकाळी डोकं शांत करायला आम्ही घाटाघाटानं चालत शिंदे घाटावर गेलो. तिथे नदीकाठी एक देऊळ आहे, ते एका अंगाला कललंय आणि तसंच उभं आहे. पलीकडे मणिकर्णिकेवर धूर होता. तिथल्या माणसांची रोजची कामं चालू होती, लाकडं उतरवली जात होती. आम्ही पायऱ्यांवर मातीच्या कुल्हडांत मलइयो घेऊन बसलो. मलइयो म्हणजे थंडीतल्या दवात घुसळलेल्या दुधाचा केशरी फेस. तोंडात टाकला की नाहीसा होतो, आणि आपण खाल्लं की नाही अशी शंका येते.

"मस्तानीची सर नाही," शैलाताई म्हणाल्या.

आता पुण्याच्या माणसानं हे म्हणायचंच असतं. पण माझी रात्रभर झोप झाली नव्हती, त्या चौकोनांच्या बाळाचा चेहरा डोळ्यांपुढून जात नव्हता, आणि मला मलइयो फार आवडलं होतं. मी म्हणाले, "चुकताय तुम्ही."

शैलाताईंचा चमचा थांबला. "काय म्हणालात?"

"मस्तानीचं चुकताय, आणि काल रिकाम्या चौकोनांचंही चुकलात. आणि परवा डबीचंही. माकडाला दिलीत ती डबी."

"अस्सं," त्यांनी कुल्हड खाली ठेवलं. "मग तुमचा सिग्नल कोपऱ्यावरून भिंत फोडून जातो, त्याचं काय? सरळ रेषेतली भिंत तेवढी बघता. मधला सगळा चौकोन तपासायला नको? तिसऱ्याच ओळीला दिसलं मला ते."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही काय मनाला लावून घ्याल म्हणून. लग्नात जिलबी गार होती एवढंच मी म्हणाले, तर तुम्ही तीन महिने फोन केला नाहीत."

"जिलबी गार नव्हती. तुमची वरात उशिरा आली."

"वरात उशिरा आली कारण तुमच्या कार्यालयाचा पत्ता चुकीचा छापला होता."

"पत्रिका तुमच्या मुलानं छापल्या होत्या."

 शेजारी बसलेला एक साधू आमच्याकडे आळीपाळीनं बघत होता. त्याला मराठी येत नसावं, पण भांडण विहिणींचं आहे हे त्याला बरोबर समजलेलं दिसलं. मग शैलाताईंना हसू फुटलं. आधी त्यांना, मग मला. कुल्हडातलं उरलेलं मलइयो हसण्यात सांडलं. इतकी वर्षं जो दगड छातीवर होता तो गेला, आणि इतकं हलकं वाटलं की मी दुसरं कुल्हड मागवलं.

"चल," शैलाताई उठल्या. पहिल्यांदाच मला एकेरीत म्हणाल्या. "तुझा कोपरा आणि माझे रिकामे चौकोन, दोन्ही दुरुस्त करू."

त्या दिवशी आम्ही दोघींनी स्पर्धेच्या दालनात इतक्या मोकळेपणी एकमेकींच्या चुका काढल्या की शेजारच्या टेबलावरच्या मुलांनी खुर्च्या सरकवून घेतल्या. "हे काय लिहिलंयस?" "तुला काय करायचंय, चालतंय ना?" "नाही चालत, बघ." राउटर रिकाम्या चौकांत जाऊन बसू लागले आणि खोल्या भराभर उजळू लागल्या. नकाशा रंगत गेला तसं मला आबांचं घर दिसायला लागलं. मधला चौक, भोवतीचे कठडे, वरची कप्पी.

"शैलाताई, आबांचा राउटर चौकात टांगायचा."

"तेच म्हणणार होते," त्या म्हणाल्या. "पण मी म्हटलं असतं तर तुला श्रेय मिळालं नसतं."

आम्ही उत्तर जमा केलं आणि बक्षीस समारंभाला न थांबता घराकडे पळालो.

कुर्र

आबा पूजेची तयारी करत होते. घराण्यातला लाकडी पाळणा झेंडूच्या माळांनी सजवून चौकात ठेवला होता. त्यात बाळ नव्हतं, पण पाळण्याशिवाय बारसं त्यांना मान्य नव्हतं. मी धीर एकवटून म्हणाले, "आबा, राउटर देवघरातून चौकात हलवावा लागेल. त्याच्याशिवाय सुमेधाला नेट मिळणार नाही."

मला वाटलं, आता रागावणार. ते शांतपणे म्हणाले, "मग उत्तरपूजा करू. अक्षता वाहिल्या की हलवायला हरकत नाही. गणपती नाही का हलवत?"

"मग दोन आठवडे का नाही केलीत?"

"यजमानानं सांगितल्याशिवाय पुरोहित उत्तरपूजा करत नाही. नेटचं कनेक्शन सुमेधाच्या नावावर, म्हणजे यजमान ती. मी रोज वाट बघतोय, ही कधी बोलेल. मला वाटलं, तिची श्रद्धा बसली असेल, कशाला तिचं मन दुखवा."

शैलाताईंनी चौकातूनच वर हाक मारली, "सुमेधा, राउटरची उत्तरपूजा करायची का?"

 तिसऱ्या मजल्यावरून आवाज आला, "बाबा राजी आहेत? करा ना, जल्दी करा."

आबांनी राउटरवर अक्षता वाहिल्या, 'पुनरागमनाय च' म्हणून त्याला पुन्हा येण्याचं आमंत्रण दिलं आणि चौरंगावरून बोटभर सरकवला. चौरंगाखाली फायबरच्या वायरचं भलं मोठं वेटोळं निघालं. लावणाऱ्यानं जास्तीची वायर तिथेच कोंबून ठेवली होती. आता राउटर टांगायचा कशात? कप्पीला सामानाची टोपली होती, पण ती कलंडायची. मी पाळण्याकडे पाहिलं. चार साखळ्यांवर तो कसा सपाट राहतो.

आबांनी एकदा बाळकृष्णाकडे पाहिलं. "घाला," ते म्हणाले.

आणि अशा रीतीनं आम्ही बारशाच्या पाळण्यात राउटर निजवला, त्याच्या मागोमाग लांब वायरीचा विजेचा बोर्ड सोडला आणि दोर ओढायला लागलो. दुसऱ्या मजल्यापाशी मी थांबले. "इथे बरोबर आहे. मधोमध."

"चुकतंय तुझं," शैलाताई म्हणाल्या. "तिचं दार वरच्या कठड्यापाशी आहे. अजून ओढ."

मला राग आला नाही. मी ओढलं. पाळणा झेंडूच्या माळा सांभाळत, हिरवे दिवे लुकलुकवत तिसऱ्या मजल्याच्या कठड्याला जाऊन थांबला, आणि वरून सुमेधाचा आवाज आला, "आलं. नेट आलं."

आम्ही धापा टाकत जिना चढलो. आबा आमच्याही मागून, दर पायरीला रामनाम घेत. पडद्यावर टोरांटोचं घर होतं. बाहेर बर्फ, आत मराठी बायका नऊवारी नेसून मोज्यांवर. पाळण्यात बाळ, या खेपेला चौकोनांचं नाही, चांगलं गोल. भावानं फोन बाळाच्या कानाशी नेला आणि आम्हाला नुसता कान दिसायला लागला. इवलासा, गुलाबी.

सुमेधा पुढे झुकली. प्लास्टर अवघडलं, तरी झुकली. "कुर्र," ती म्हणाली, आणि मग नाव. इतकं हळू म्हणाली की शेजारी बसून मला ऐकू आलं नाही. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला मात्र ते पोचलं, कारण बाळ दचकलं आणि त्यानं टाहो फोडला.

"ताई, पोचलं गं," भाऊ तिकडून म्हणाला.  "आता आम्हाला पण सांग ना."

"जान्हवी," सुमेधा म्हणाली.

आबा खालीच बसले. त्यांच्या गेलेल्या बायकोचं नाव जान्हवी होतं, हे शैलाताईंनी मला नंतर सांगितलं. त्या वेळी मला एवढंच दिसलं की रोज शंभर लोकांचे संकल्प सांगणारा हा माणूस उपरण्यानं डोळे पुसत होता. मी रडले. शैलाताईही रडल्या, पण त्या सर्दीचं निमित्त सांगतात.

कुर्र केल्यावर आत्याच्या पाठीत बुक्के घालायची पद्धत. टोरांटोच्या बायकांचे हात पोचत नव्हते, म्हणून त्यांच्या वाटणीचे बुक्के आम्ही दोघींनी घातले, पायाला धक्का न लावता. तेवढ्यात माझ्या फोनवर स्पर्धेचा निकाल आला. व्याही मंडळ यादीच्या बरोबर मध्यावर होतं. आबांनी तो फोन पेढ्यासकट देवापुढे ठेवला.

राउटर अजून पाळण्यातच आहे. आबा रोज सकाळी पाळण्याला एक झोका देतात असं सुमेधा सांगते, आणि झोका देताना नेट जातं.

तर, काय सोडलं? शैलाताईंनी दशाश्वमेधावर पाण्यात उभं राहून कारलं सोडलं. मी म्हटलं, "ढोंगी आहेस, तू कारलं खात नाहीस." त्या म्हणाल्या, "तू काय सोडतेस ते बघू." मी हातात पाणी घेतलं आणि 'तुम्ही म्हणाल तसं' हे वाक्य सोडलं.

घरी पोचल्यावर मुक्ताचा फोन आला. आवाज दबलेला. "आई, तू म्हणे घाटावर सासूबाईंना 'तुम्ही चुकताय' म्हणालीस? आणि 'ढोंगी'? अगं, मला इथे राहायचंय."

मी काही बोलायच्या आत मागून शैलाताईंचा आवाज आला. "फोन दे इकडे. आणि तिला काही बोलू नकोस, बरोबर होती ती." मग फोनवर माझ्याशी, "पण मस्तानीच्या बाबतीत तू अजूनही चुकतेयस हं."

"मुळीच नाही," मी म्हणाले, आणि आम्ही तासभर भांडलो.